तीन मापं पीठ आणि ओलं फडकं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या चर्चच्या मंडळीचे एके काळचे सेक्रेटरी, आदरणीय हेडमास्तर. मुख्य कार्यालयातून मुद्दाम आलेले वरिष्ठ साहेब. सत्कारमूर्ती आपले पाळकसाहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या, ज्यांच्या हातातला रुमाल सकाळपासून ओलाच आहे त्या आपल्या पाळकबाई. येत्या रविवारपासून ज्यांचं आम्हाला ऐकायचंय ते नवे पाळक. पंच, गायनमंडळ, पुढच्या रांगेतले वडीलधारे, मागच्या रांगेतली तरुण मंडळी (मोबाइल खाली ठेवा, इथून सगळं दिसतं), आणि माझ्या सगळ्या बहीणभावांनो, तुम्हाला माझा नमस्कार.

हेडमास्तरांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. टेबलावर घंटी ठेवली आहे, तीही बघितली मी. हेडमास्तर, तुम्ही रिटायर होऊन वीस वर्षं झाली, पण घंटी काही सोडली नाहीत. माझ्या आधी जे बोलले त्यांनी पाळकसाहेबांना सूर्य म्हटलं, दीपस्तंभ म्हटलं, एकानं तर वटवृक्ष म्हटलं. त्यांना कोणी घंटी वाजवली नाही. तेव्हा मलाही जरा वेळ लागला तर चालवून घ्या. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे. हे भाषण मी स्वतः लिहिलंय, कोणाकडून लिहून घेतलेलं नाही. चार दुपारी घालवल्या त्यात. आमचे हे म्हणाले, "एवढं काय लिहितेस, तू बोलायला लागलीस की कागद कोण बघतंय?" आमचे हे वर्षातून चारदा बोलतात, त्यातलं हे एक झालं.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. माझी पावाची भट्टी आहे. सासऱ्यांनी सुरू केली, आम्ही दोघं चालवतो. पीठ मळणं आणि बोलणं माझ्याकडे, आग आणि गप्प बसणं यांच्याकडे. या हॉलमध्ये असा एकही माणूस नसेल ज्याच्या पोटात माझ्या हातचा पाव गेलेला नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. बरं, मोठेपणा म्हणूनच सांगते. आज अभिमानाचा दिवस आहे, थोडा माझाही होऊ द्या.

तर आता मुद्द्यावर येते. मला हारतुऱ्यांची भाषा जमत नाही. मी एकच गोष्ट सांगणार आहे, आणि ती खमिराची आहे. काही जणांना वाटत असेल, ही ऐकलेली आहे. ऐकलेली अर्धीच आहे.

बावीस वर्षांपूर्वी पाळकसाहेब आपल्याकडे आले ते एक वर्षाच्या बोलीवर. वर्षभर बघायचं, जमलं तर ठेवायचं, नाहीतर परत पाठवायचं, असं ठरलं होतं. कॉलेजात शिकवून आलेले. पस्तिशी ओलांडलेली, अंगानं काडी, चष्मा जाड आणि सोबत अकरा खोकी पुस्तकं. ती खोकी आमच्याच हातगाडीवरून वर चढवली होती. पाळकबाईंच्या सामानाचं एकच खोकं होतं, हे मी तेव्हाच मोजलं होतं.

आता त्यांचे पहिले उपदेश आठवा. खोटं बोलू नका, आठवा! दर रविवारी सागर, दर रविवारी पर्वत, वादळ, गरुड, रत्नं. शब्द असे की ऐकताना मान डोलवावी आणि घरी जाऊन काय ऐकलं ते सांगता येऊ नये. माझी सासू म्हणायची, "छान बोलतात गं. कशाबद्दल बोलतात?"

मग तो खमिराचा रविवार आला. शास्त्रातला दाखला तुम्हाला पाठ आहे. देवाचं राज्य कसं असतं? तर एका बाईनं खमीर घेतलं, तीन मापं पिठात लपवलं आणि सगळं पीठ फुगलं, तसं. एवढाच आहे. पण पाळकसाहेब त्या दिवशी रंगात आले होते. म्हणाले, "खमीर म्हणजे वीज! गृहिणी सहज चिमूटभर भुरभुरते आणि क्षणात, डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच, पीठ उसळून वर येतं!" आणि दोन्ही हात असे वर फेकले.

मी तिसऱ्या रांगेत होते. पहाटेपासून उभी होते, पाय दुखत होते, आणि तोंडावर माझा ताबा कधीच नव्हता. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "अहो, असं नसतं!"

हळू म्हणाले असं मला वाटलं होतं. पण वरच्या गॅलरीपर्यंत ऐकू गेलं. सगळं चर्च हसलं. गायनमंडळातल्या बायकांनी पुस्तकं तोंडावर धरली. पाळकसाहेबांचे हात वरच राहिले. मग त्यांनी ते खाली घेतले, चष्मा पुसला आणि उरलेला उपदेश कागदावरून वाचून संपवला. त्यांचे कान लाल झाले होते. ते मी अजून विसरले नाही.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. लग्नाकार्यात तुम्ही मला हे सांगायला लावता आणि हसता.

त्याच आठवड्यात एक अर्ज निघाला. मुख्य कार्यालयाला. हेही तुम्हाला माहीत आहे, की कोणीतरी अर्ज केला होता. कोणी केला ते माहीत नाही. सात सह्या होत्या एवढंच बाहेर आलं. अर्जात काय होतं? तर पाळकांच्या उपदेशात अज्ञान आहे, मंडळीत हसं होतं, भाषा उपदेशपीठाला शोभत नाही. त्याची तड लावायला वरिष्ठ साहेब एका रविवारी येणार असं कळलं. आत्ताचे नव्हेत, त्यांच्या आधीचे, पांढऱ्या दाढीचे. ते उपदेश ऐकणार, मंडळीला विचारणार आणि त्याच दिवशी ठरवणार. ठेवायचं की पाठवायचं. पाळकबाईंना तेव्हा सातवा महिना होता. पुन्हा अकरा खोकी बांधायची पाळी आली असती.

त्या रविवारच्या आधी तीन शुक्रवार होते.

पहिल्या शुक्रवारी भर दुपारी मी संध्याकाळच्या पावाचं पीठ मळत होते. दारात सावली पडली. बघते तर पाळकसाहेब. मला वाटलं, आले भांडायला. मी कोपरापर्यंत पिठात, तशीच उभी राहिले. म्हटलं, येऊ देत, आपल्यालाही तोंड आहे.

ते म्हणाले, "ताई, कसं असतं?"

"काय कसं असतं?"

"तुम्ही म्हणालात, असं नसतं. मग कसं असतं?"

मी म्हटलं, "आधी हात धुवा. कोपरापर्यंत. आणि ते घड्याळ काढा."

मी त्यांना आमचं खमीर दाखवलं. आमच्याकडे पाकिटातली पावडर नसते, आदल्या दिवशीच्या पिठातला गोळा राखून ठेवतो आम्ही, झाकणाच्या मातीच्या भांड्यात. तो आंबतो, तेच आमचं खमीर. सासऱ्यांच्या काळापासून आजवर एक दिवस खंड नाही. पाळकसाहेबांनी नाक खुपसून वास घेतला आणि मागे सरकले. म्हणाले, "हे स्वर्गाचं राज्य?"

म्हटलं, "हेच. वास येतो. आवडत नसेल तर गरुडाकडे जा."

मग त्यांनी गोळा पिठात टाकला आणि परातीकडे बघत उभे राहिले. खरंच सांगते, हा शिकलेला माणूस उसळण्याची वाट बघत उभा होता! मी म्हटलं, "बघत काय बसलात? मळा. भुरभुरून काही होत नाही, ते सगळीकडे पोचवावं लागतं." त्यांनी मळलं. दहा मिनिटांत दंड भरून आले. घाम चष्म्यावर. आमचे हे भट्टीपाशी उभे राहून बघत होते, आणि मी त्यांना पहिल्यांदा दात दाखवून हसताना बघितलं. "आता?" पाळकसाहेब म्हणाले. "आता काही नाही," मी म्हटलं. "आता ओलं फडकं टाकायचं आणि आपल्या कामाला लागायचं. त्याचं ते काम करतं."

दुसऱ्या शुक्रवारी ते पुन्हा आले. या खेपेला सगळं स्वतः केलं, गोळा टाकला, मळलं, फडकं घातलं. माझं गिऱ्हाईक आलं म्हणून मी पुढे गेले. मला म्हणाले, "तुम्ही जा, मी लक्ष ठेवतो."

लक्ष ठेवलं! ऐका काय लक्ष ठेवलं ते. दर पाच मिनिटांनी फडकं उचलायचं, वाकून बघायचं, बोटानं दाबायचं, पुन्हा झाकायचं. मागचं दार उघडं, वारा आत. दीड तासानं मी येऊन बघते तर पिठावर साल धरलेली, आत गार पडलेलं, आणि सगळीकडे बोटांचे खड्डे. संध्याकाळची सगळी खेप वाया. भाजले ते पाव असे निघाले की एकानं परत आणून काउंटरवर आपटून दाखवला. आवाज आला हो! लाकडाचा येतो तसा!

मी त्यांना काय बोलले ते या हॉलमध्ये सांगण्यासारखं नाही. शेवटचं वाक्य तेवढं सांगते. मी म्हटलं, "एकदा झाकलं की फडकं उचलायचं नाही! तुम्ही बघितल्यानं ते फुगत नाही. तुम्ही बघितल्यानं ते बसतं."

त्यांनी खिशातून एक घडीचा कागद काढला आणि भिंतीला टेकवून त्याच्या मागच्या बाजूला काहीतरी लिहिलं. मला आणखी राग आला. माझी खेप गेली आणि हे लिहितायत!

तिसऱ्या शुक्रवारी प्रश्न मी विचारला. मला तो आठवडाभर खात होता. म्हटलं, "पाळकसाहेब, तीन मापं म्हणजे किती?" ते घरी गेले, पुस्तकात बघून तासाभरानं परत आले, धापा टाकत. तेव्हाचं माप मोठं होतं म्हणाले. तीन मापं म्हणजे आजचं वीस-पंचवीस किलो पीठ. कदाचित जास्तच.

मी परात खाली ठेवली. म्हटलं, "अहो, मग ती गृहिणी कुठली? पंचवीस किलो पीठ कोणती गृहिणी घरी मळते? शंभर माणसं जेवतील त्यात! ती माझ्यासारखी बाई आहे. तिची भट्टी असणार."

पाळकसाहेब म्हणाले, "ताई, मी हा दाखला अकरा वर्षं शिकवला. मला हे कधी दिसलं नाही." आणि पुन्हा तो कागद काढून लिहिलं.

मंडळी, मी शाळा फार बघितली नाही. पण त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं की शास्त्रात मी आहे. कोणी राणी नाही, संत बाई नाही. पिठाचे हात असलेली, नाव नसलेली बाई, आणि देवाचं राज्य कसं असतं हे सांगायचं झालं तर तिच्याकडे बोट दाखवावं लागलं. याचा मला किती अभिमान वाटला ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. हेडमास्तरांकडे असतील.

मग तो रविवार आला. पांढरी दाढी पहिल्या रांगेत. पाळकसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "दोन महिन्यांपूर्वी मी याच जागेवरून खमिराबद्दल सांगितलं. ते चुकीचं होतं. या मंडळीतल्या एका बहिणीनं मला थांबवलं. मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं." उपदेशपीठावरून चुकलो म्हणणारा माणूस आम्ही कधी बघितला नव्हता. आमच्या घरात तर अजून बघायचा आहे. आणि मी आमच्या ह्यांच्याबद्दल बोलत नाहीये, माझ्याबद्दल बोलतेय.

त्या दिवशी सागर नव्हता, गरुड नव्हता. आंबट वास होता, दुखणारे दंड होते, वाया गेलेली खेप होती. ते म्हणाले, "देव तुमच्यात काम करत असतो आणि तुम्ही-आम्ही दर पाच मिनिटांनी फडकं उचलून बघतो. मुलगा सुधारला का? नवरा बदलला का? मी चांगला झालो का? आणि बोटानं दाबून बघतो. ज्याला दाबलं त्याला खड्डा पडतो." माझी सासू घरी जाताना एवढंच म्हणाली, "आज कळलं गं." आणि तिनं त्या दिवसानंतर माझ्या परातीत डोकावणं सोडलं. निदान महिनाभर तरी.

उपदेश संपला. वरिष्ठ साहेब उठले आणि म्हणाले, "माझ्याकडे तक्रार आली आहे. तक्रार करणाऱ्यांपैकी कोणाला काही बोलायचं असेल तर उभं राहावं."

कोणी हललं नाही.

मग मी उभी राहिले. म्हटलं, "खमीर आता बरोबर आहे. यांना ठेवा."

बस, एवढंच बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वरिष्ठ हसले. पाळकसाहेब राहिले, ते बावीस वर्षं राहिले. आणि तेव्हापासून तुम्ही सगळे मला काय म्हणता? "पाळकसाहेबांना राखणारी." मागच्या वर्षी शाल घातलीत त्यासाठी. मी ती खांद्यावर घेतली आणि फोटोही काढला. तो भट्टीत लावलाय, गिऱ्हाइकांना दिसेल असा.

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगते. (हेडमास्तर, हात घंटीवरून काढा, अजून आहे.) दर शुक्रवारी दुपारी पाळकसाहेब रविवारचा दाखला घेऊन ज्याचं काम त्याच्याकडे जायला लागले. बावीस वर्षांत शुक्रवार चुकला नाही. एकदा त्यांनी कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं की चांदी गाळणारा माणूस वितळलेल्या चांदीत स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत ती तापवतो, तसा देव आपल्याला तापवतो. किती सुंदर, नाही? डोळ्यांत पाणी येईल असं. ते घेऊन गेले आपल्या सोनारकाकांकडे. सोनारकाका म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं चांदी गाळतोय. एवढं वाकून बघितलं तर भुवया जातील." पाळकसाहेबांनी ते कागदावरून खोडलं. लोकांना आवडलं असतं, टाळ्या पडल्या असत्या, तरी खोडलं. त्याऐवजी सोनारकाका जे म्हणाले तेच सांगितलं, की मळ वर येतो तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो, आणि तेवढा वेळ मूस सोडून जेवायला जाता येत नाही.

आणि हरवलेलं मेंढरू! या गावात मेंढरू कोणी पाळत नाही. तेव्हा ते माझ्या धाकट्या जावेकडे गेले. ती शाळेच्या बसमध्ये मुलं चढवते-उतरवते. तिला विचारलं, "शंभरातलं एक कमी भरलं तर काय करता?" ती म्हणाली, "काय करता म्हणजे? बस हलत नाही! नव्व्याण्णवांना आत बसवते, दार लावते, ड्रायव्हरला सांगते की एक जरी खाली उतरलं तर तुझं काही खरं नाही, आणि मग धावत सुटते." पाळकसाहेबांनी रविवारी सांगितलं की नव्व्याण्णवांना वाऱ्यावर सोडलं असं कधी समजू नका. त्या रविवारी जाऊबाई नवी साडी नेसून आली होती. तिला कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

आपल्या प्रभूनं दाखले कुठून उचलले? पुस्तकातून? चुलीवरून उचलले, शेतातून, जाळ्यातून, दिव्यातून, मिठातून. मग ते सांगणाऱ्यानं चुलीजवळ जायला नको? हे मी कॉलेजात शिकले नाही. ते आमच्या परातीत हात घालून जे शिकले, ते मी त्यांना बघून शिकले.

आता उरलेली अर्धी गोष्ट.

गेल्या सोमवारी मी पाळकबाईंना सामान बांधायला गेले होते. अकराची आता एकोणीस खोकी झाली आहेत. एका जुन्या वहीत एक पिवळा पडलेला कागद होता. घडीच्या खुणा होत्या. मागच्या बाजूला पाळकसाहेबांचं बारीक अक्षर. "वास आंबट." "मळल्याशिवाय नाही." "फडकं उचलायचं नाही. बघितल्यानं बसतं." "तीन मापं, भट्टीवाली बाई!" मी ओळखलं, हा तोच कागद, भिंतीला टेकवून लिहिलेला. मला हसू आलं. मी उलटा करून बघितला.

तो अर्ज होता. मुख्य कार्यालयाला केलेला. कार्यालयानं तो तेव्हा पाळकसाहेबांकडेच पाठवून दिला होता, उत्तर द्या म्हणून. खाली सात सह्या.

पहिली सही माझी.

मी फसले होते असं म्हणणार नाही. तो अर्ज माझ्या काउंटरवर आला तेव्हा भट्टीत पाव होते आणि मी घाईत होते, हे खरं. पण मला वाचता येत होतं. आमचे हे म्हणालेही होते, "वाचलंस का?" मी म्हटलं, "वाचायचं काय त्यात?" इतक्या शिकल्या-सवरल्या माणसांनी पहिली सही माझी मागितली, याचाच मला गर्व झाला होता. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, "सबब त्यांना परत बोलावण्यात यावे." ती ओळ मी गेल्या सोमवारी वाचली. तिच्याखाली माझी वेडीवाकडी सही, आणि सहीशेजारी माझ्या अंगठ्याचा ठसा. पिठाचा. बावीस वर्षांत दगड झालाय, पण रेषा दिसतात.

आणि मी उभी राहून "यांना ठेवा" म्हणाले तेव्हा मला माहीत होतं की माझी सही त्यात आहे. तिच्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. टाळ्या घेतल्या, शाल घेतली.

घंटी वाजवू नका हेडमास्तर! बाकी सहा नावं मी सांगणार नाही. ज्यानं त्यानं आपापलं बघावं. मजकूर कोणाचा होता तेही सांगणार नाही. एवढंच म्हणेन की मराठी फार सुंदर होतं. माझ्या भावना दुखावल्या आहेत असं त्यात इतकं छान लिहिलंय, की वाचून मलाच माझं वाईट वाटलं.

काय? हेडमास्तर, उभे कशाला राहता, गुडघे दुखतात तुमचे... बरं, राहा. काय म्हणालात? मोठ्यानं सांगते, मागे ऐकू गेलं नाही. हेडमास्तर म्हणतात, "मजकूर माझा होता. दुसरी सही माझी." ऐकलंत सगळ्यांनी? बसा हेडमास्तर, बसा. पाणी द्या कोणीतरी त्यांना. शाळेत तुम्ही माझ्या भावाला उभं करायचात, आज मी तुम्हाला केलं. फिट्टंफाट.

आता शेवटचं. सोमवारी तो कागद घेऊन मी पाळकसाहेबांपुढे गेले. ते खोक्याला दोरी बांधत होते. मी म्हटलं, "हे काय आहे?"

त्यांनी चष्मा वर करून बघितलं. म्हणाले, "मागून कोरा होता, ताई. वाया कशाला घालवायचा?"

म्हटलं, "म्हणजे तुम्ही पहिल्या शुक्रवारी माझ्या दारात आलात तेव्हा हा तुमच्या खिशात होता? माझी सही बघून आलात?"

"सही बघूनच आलो," म्हणाले. "ठसा बघितला आणि म्हटलं, हिचे हात पिठात असतात, हिला माहीत असणार."

मी खोक्यावर बसले. म्हटलं, "बावीस वर्षं! बावीस वर्षं मी तुम्हाला राखणारी म्हणून मिरवत फिरले, आणि तुम्ही एका शब्दानं विचारलं नाहीत?"

त्यांनी दोरीची गाठ मारली, दातानं टोक तोडलं आणि म्हणाले, "तुम्हीच ओरडला होतात ना ताई, फडकं उचलायचं नाही म्हणून."

मंडळी, मी भट्टीवाली आहे. बावीस वर्षं फुगलं नाही असं पीठ मी पहिल्याच संध्याकाळी उकिरड्यावर टाकलं असतं. या माणसानं झाकून ठेवलं आणि आपल्या कामाला लागला. ज्या पाळकाला घालवायला मी पहिली सही केली, त्याच्या निरोपाला मी आज शेवटचं भाषण करते आहे, आणि मला त्यांचा फार अभिमान आहे.

नवे पाळक, तुम्ही अंगानं बारीक आहात आणि खोकी आणली आहेत, असं ऐकलं. काही हरकत नाही. शुक्रवारी दुपारी या. घड्याळ काढून या. आंबट गोळ्याचं एक भांडं तुमच्यासाठी वेगळं राखून ठेवलंय.

पाळकबाई, रुमाल आता पिळा. तुमच्या घरातला माणूस बावीस वर्षं दर शुक्रवारी तुम्ही आम्हाला दिलात, तुमचे उपकार आहेत. वरिष्ठ साहेब, तुम्ही एवढ्या लांबून आलात, तुमचे आभार. गायनमंडळ, आवाज चांगला लागला, दुसरं गीत जरा लांबलं, तरी आभार. आमच्या ह्यांचे आभार, कारण आज त्यांनी एकट्यानं भट्टी सांभाळली.

भाषणाच्या शेवटी, काही कमी-जास्त बोलले गेले असेल तर सांभाळून घ्या, असं सगळेच म्हणतात. कमी-जास्त मी आज बरंच बोलले, ते तुम्ही सांभाळून घ्यालच. पण पाळकसाहेब, तुम्हाला मी वेगळं म्हणते, रिवाजाचं नाही. माझं चुकलं. मला क्षमा करा. आणि शाल मी परत आणली आहे, ती त्या खुर्चीवर ठेवली आहे, आता ती तुमच्या खांद्यावर घाला.

पाव मागच्या टेबलावर आहेत. दुपारचीच खेप आहे, गार व्हायच्या आत खा.

हेडमास्तर, माझं झालं. आता वाजवा घंटी.